बाळंतिणीची साक्ष

मनुष्याच्या क्षेमाविषयी त्यालाच विचारावे आणि त्याचे उत्तर प्रमाण मानावे, हा न्याय वरवर पाहता निर्दोष आहे. त्यात त्या मनुष्याचा आदर आहे, आणि विचारणाऱ्याचा विनयही आहे. परंतु आपल्या देहात काय घडते आहे हे ओळखण्याचे ज्ञान त्याला कोणी दिले नसेल, आणि ओळखलेले उच्चारण्यापुरता एकांतही त्याच्या वाट्याला आला नसेल, तर त्याचे उत्तर साक्ष म्हणून धरता येत नाही. तो शिष्टाचार होतो. शिष्टाचारावर कोणाचा प्राण विसंबून राहिला तर त्याला अपराध म्हणावे की प्रमाद, हे ठरविणे कठीण आहे. कारण असे पुष्कळदा प्रेमापोटीच घडते. पुढील वृत्तान्त एका आईच्या आणि एका लेकीच्या सद्भावनेचा आहे. दोघींच्या मध्ये एक यंत्र होते, आणि त्याच्या रचनेतही कोणाचा वाईट हेतू नव्हता.

गडहिंग्लजच्या सूतिकागृहात सुमंगला कोरी यांनी परिचारिका म्हणून आपले सारे सेवाजीवन वेचले. तेथे एक काम त्यांनी कोणी न सांगता अंगावर घेतले होते. बाळंतीण घरी निघण्यापूर्वी त्या तिला मागच्या ओसरीवर बसवीत, सोबत आलेल्या सासू, आई, नणंद, नवरा अशा सर्वांना अदबीने चहाला पाठवीत, आणि मग घरी गेल्यावर देह कोणकोणत्या खुणांनी साद घालतो ते तिला समजावून सांगत. गावात त्याला निरोपाचा वर्ग म्हणत.

त्यांची शिकवण पोथीतली नव्हती. अतिरक्तस्राव हा शब्द त्यांनी ओसरीवर कधी उच्चारला नाही. तासाभरात कापडाची एक घडी पूर्ण भिजून दुसरी घ्यावी लागली तर कोणाची वाट पाहू नकोस, असे त्या सांगत. झोप काढूनही, गोळी घेऊनही न हटणारे डोके, डोळ्यांपुढे चमकणारे ठिपके, हातातोंडावर अकस्मात आलेली सूज आणि उजव्या बरगडीखालची कळ ही एकाच कुळातली भावंडे आहेत, त्यांतले एक जरी दारी आले तरी रक्तदाब मोजून घ्यायचा, हे त्या बाळंतिणीकडून तिच्याच शब्दांत वदवून घेत. ताप आणि दुर्गंधी, एकाच पोटरीत धरलेला गोळा, आडवे पडताच लागणारा दम, यांविषयी त्या बोलत. आणि सर्वांत शेवटी, आवाज उतरवून, बाळाकडे पाहून मनात काहीच न उमटणे किंवा भलतेच काही उमटणे, याविषयी. तेही आजारच आहेत, त्यात तुझे काही चुकलेले नाही, एवढे सांगून त्या थोडा वेळ गप्प बसत. पुष्कळ स्त्रिया त्या मौनातच बोलू लागत.

त्यांच्या ओसरीवर एक प्रश्न मात्र वर्ज्य होता. नव्याने रुजू झालेली एखादी मुलगी बाळंतिणीला 'बरी आहेस ना?' असे विचारू लागली की त्या तिला थांबवीत. या प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते विचारणाऱ्याच्या सोयीचे असते, असे त्यांचे मत होते. त्याऐवजी त्या विचारीत, 'काल नव्हतं असं आज काय आहे?'

मृण्मयी ही त्यांची एकुलती कन्या. तिचे वडील ती शाळेत असतानाच निवर्तले. अभियांत्रिकीचे शिक्षण संपवून ती पुण्याच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या संस्थेत गेली, आणि तेथे तिने बाळंतिणींसाठी दंडावर बांधायचा एक मऊ पट्टा सिद्ध केला. संस्थेने त्याला एक भारदस्त नाव दिले होते. परंतु दंडावर बांधायची आणि रक्षण करणारी वस्तू आपल्याकडे एकच. बायकांनी त्याला ताईत म्हटले, आणि तेच नाव रूढ झाले.

त्या ताईताचे शास्त्र थोडक्यात असे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्ताची एक लाट धमन्यांतून धावते. धमनीची भिंत सैल असेल तर ती संथ जाते, ताणलेली असेल तर वेगाने. ताईतातले बारीक दिवे त्वचेखालची ती लाट न्याहाळीत आणि तिच्या वेगावरून रक्तदाबाचा तर्क करीत. दंडाभोवती पट्टी आवळून, रक्त क्षणभर थोपवून जो दाब घेतात ते मापन. हे अनुमान होते. अनुमान करायचे तर त्या विशिष्ट स्त्रीची निरोगी लाट कशी असते हे आधी ठाऊक असावे लागते. आणि प्रसूतीनंतर तर देहातले पाणी ओसरत असते, दूध उतरत असते, झोप तुटत असते. कालची लाट आज राहत नाही. म्हणून यंत्राला आपली आधाररेषा वरचेवर नव्याने आखून घ्यावी लागे.

आरंभीच्या ताईतांना ते साधत नव्हते. आपल्याकडे बाळंतिणीला न्हाऊ घातल्यावर बाजेवर निजवतात आणि खाली निखाऱ्यांची शेगडी ठेवून शेक देतात. अंग तापले, धमन्या सैलावल्या, पुन्हा आवळल्या, की ताईत ओरडू लागे. बाळ रडले तरी ओरडे, पाहुणे आले तरी ओरडे. घरोघरी तो दंडावरून उतरून फडताळात गेला. तेव्हा मृण्मयीला एक उपाय सुचला. यंत्राने त्या स्त्रीलाच विचारावे. सकाळ-संध्याकाळ ताईत मृदू स्वरात विचारी, 'ताई, बरं वाटतंय ना?' ती 'हो' म्हणाली की त्या वेळची लाट तिची निरोगी लाट म्हणून धरली जाई. खोटे इशारे थांबले. ताईत दंडावर टिकला. ताप आणि रक्तस्राव यांची वर्दी वेळेवर देऊन त्याने अनेक स्त्रियांचे प्राण वाचविले, हे येथे नमूद केले पाहिजे. आजवर यंत्रे बाईला न विचारता तिच्याविषयी निर्णय देत आली, आता यंत्र तिचा शब्द मानील, असे मृण्मयी सभांमधून सांगे. आणि ती ते मनापासून सांगे.

गडहिंग्लजच्या सूतिकागृहाने ताईत स्वीकारला तेव्हा तेथे भाषण करायला ती स्वतः आली होती. शेवटच्या रांगेत सुमंगलाबाई बसल्या होत्या. स्त्रीचा जीव तिच्या स्मरणशक्तीवर टांगून ठेवण्याचे दिवस संपले, असे वाक्य मृण्मयीने त्या भाषणात उच्चारले. दुसऱ्याच आठवड्यात व्यवस्थापनाने निरोपाचा वर्ग बंद केला आणि ओसरीवर ताईतांची खोकी रचली.

घरी जेवताना सुमंगलाबाई एवढेच म्हणाल्या, "तुझा अभिमान वाटतो मला. पण त्या बायका घरी जाऊन बोलणार कुणाशी?"

"ताईताशी," मृण्मयी म्हणाली. "आणि आई, तुझ्या वर्गात सांगितलेलं किती जणींच्या लक्षात राहत होतं, याचा हिशेब कुणी ठेवला होता का?"

सुमंगलाबाईंनी ताटात भात वाढून घेतला. त्यानंतर त्या विषयावर दोघींत एक शब्दही झाला नाही. दूरध्वनीवर हवापाण्याच्या गोष्टी होत, प्रकृतीची चौकशी होई. परंतु पूर्वी जी लेक आईशी तासन् तास भांडू शकत असे, ती आता तिच्याशी अतिशय सभ्यपणे बोलू लागली होती.

यथाकाल मृण्मयीला दिवस गेले आणि रीतीप्रमाणे ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. त्याच सूतिकागृहात तिला मुलगी झाली. निघताना रक्तदाब मापून पाहिला, तो योग्य होता. दंडावर ताईत बांधला गेला, त्यावरचा इवलासा दिवा हिरवा लागला, आणि मायलेकी घरी आल्या.

सुमंगलाबाईंनी मनाशी एक निश्चय केला होता. या बाळंतपणात ओसरीवरचा एक शब्दही तोंडातून काढायचा नाही. लेकीला वाटू नये की आई तिच्या यंत्राची परीक्षा घेते आहे. एका चांगल्या कामाला आपण मनातून पूर्ण आशीर्वाद दिला नव्हता, तो आता वागण्यातून द्यावा, अशी त्यांची भावना होती. म्हणून त्यांनी आईपण तेवढे स्वतःकडे ठेवले आणि परिचारिकेला घराबाहेर ठेवले. अळिवाची खीर केली, डिंकाचे लाडू वळले, शेगडी पेटवली, खिडकीची फट उघडी राहील असे पाहिले, आणि लेकीचे कान फडक्याने बांधले.

घरी आल्यावर लगेचच मृण्मयीचे डोके जड झाले. आईने विचारले, तेव्हा ती म्हणाली की थोडे दुखते. वारे लागले असेल, असे सुमंगलाबाई बोलून गेल्या आणि फडके अंमळ घट्ट केले. बोलताना त्यांची दृष्टी लेकीच्या दंडावरील दिव्याकडे गेली. तो हिरवा होता. त्यांना हायसे वाटले, आणि आपल्याला हायसे वाटले याचाही त्यांना आनंद झाला. लेकीच्या कामावर आपला विश्वास बसू लागल्याची ती खूण होती.

मृण्मयीने मात्र ती दृष्टी पाहिली आणि तिचा निराळाच अर्थ लावला. आई ताईत चुकण्याची वाट पाहते आहे, असे तिला वाटले. स्वतः घडविलेल्या यंत्राचा दिवा हिरवा असताना आपण दुखण्याची कुरकुर करावी, हे तिच्या अभिमानाला रुचेना. शिवाय आई पहाटेपासून राबत होती. तिच्या हातचा लाडू खाऊन, तिने दिलेला शेक घेऊन, वर मला बरे वाटत नाही म्हणायचे, म्हणजे तिच्या कष्टांना नाव ठेवण्यासारखे. ताईताने संध्याकाळी विचारले तेव्हा आई पायांना तेल लावीत होती. मृण्मयी म्हणाली, "हो, बरं वाटतंय."

दुसऱ्या दिवशीही ती हो म्हणाली, आणि तिसऱ्याही. डोके कालच्यापेक्षा किंचित अधिक दुखे, पण कालच्यापेक्षा किंचितच. आणि किंचित अधिक सोसणे हे आपल्याकडच्या मुलींना कोणी शिकवावे लागत नाही. तिच्या प्रत्येक होकारासरशी यंत्र त्या दिवसाची वेगवान लाट निरोगी म्हणून स्वीकारीत होते. कापडाबरोबर गजही वाढत होता. त्यामुळे माप रोज बरोबर येत होते.

बारशाच्या आदल्या दिवशी सकाळी बानूचाची मणेर बांगड्या भरायला आली. मृण्मयीच्या लग्नातला चुडाही तिनेच भरला होता. शेजारच्या तीन-चार बायका बाळाला पाहायला आल्या होत्या, त्याही भोवती बसल्या. चाचीने बांगड्यांची माळ सोडली, मृण्मयीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि हिरव्या बांगड्या सराईतपणे बोटांवरून चढवू लागली. बांगडी अंगठ्याच्या उंचवट्याशी अडली. तिने साबणाचे पाणी लावले, हात मुडपला, पुन्हा ढकलली. बांगडी तडकली.

"दोन-चारचा हात हाय हिचा, मला काय म्हाईत न्हाई व्हय," चाची पुटपुटली आणि मापे धुंडाळू लागली. मग आतल्या खोलीकडे मान वळवून म्हणाली, "सिस्टर, काय घातलंस गं पोरीला खायाला? हात हाय का पुरणाची पोळी?"

बायका हसल्या. एक म्हणाली की आमच्या आयांनी असे लाडू केले असते तर आम्हीही फुगलो असतो. दुसरी म्हणाली, तुला लाडवांची गरज कुठे पडली. मृण्मयीही हसली. मग डोळे बारीक करून म्हणाली, "चाची, ती खिडकी जरा ओढून घ्याल का?"

सुमंगलाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. लेकीच्या हाताच्या पाठीवर, चाचीने जेथे बोटाने दाबून धरले होते तेथे, एक खळगा तसाच राहिलेला त्यांना दिसला. तो भरून येत नव्हता. त्यांनी वर पाहिले. पापण्या जाड झाल्या होत्या. एवढे दिवस हा चेहरा त्या समोर पाहत होत्या. तो बाळसे धरतो आहे असे समजून कालच त्यांनी त्याची दृष्ट काढली होती. दंडावर दिवा हिरवा होता.

ट्रे खाली ठेवायला त्यांना जितका वेळ लागला तितक्या वेळात त्यांचा निश्चय मोडला.

"चाची, बांगड्या राहू देत. सगळ्यांना घेऊन जरा स्वयंपाकघरात चहाला बसा."

"हितंच घेतो की. आणलाय न्हवं तू."

"तिथं बसून घ्या. आणि संपला की आणखी करून घ्या."

त्यांच्या स्वरात काय होते कोण जाणे, बायका निमूट उठल्या. सुमंगलाबाईंनी दार लोटले, लेकीच्या दंडावरचा ताईत सोडून उशाशी ठेवला आणि बाजेच्या कडेला बसल्या.

"मृण्मयी, काल नव्हतं असं आज काय आहे?"

मृण्मयीने ओळखीचे हसू आणले. "आई, हा तुझ्या वर्गातला प्रश्न झाला."

"हो."

"ताईत हिरवा आहे."

"मी ताईताला विचारलेलं नाही."

मृण्मयी बाळाकडे पाहू लागली. तिच्या मनात त्या क्षणी काय काय उभे राहिले, हे तिने पुढे कोणाला सांगितले नाही. या प्रश्नाचे खरे उत्तर दिले तर ज्या कामावर तिने आपली सारी वर्षे लावली त्याच्याविरुद्ध पहिली साक्ष तिचीच होणार होती, आणि तीही नेमकी आईसमोर. न दिले तर दिवा हिरवाच राहणार होता. सुमंगलाबाई थांबून राहिल्या. थांबणे हे त्यांचे जुने कौशल्य होते.

"हिचं तोंड मला अर्धंच दिसतंय," मृण्मयी अखेर म्हणाली. "सकाळपासून. डावीकडे नुसतं चमकतंय. डोकं तर घरी आल्यापासून दुखतंय, रोज वाढतंय. आणि इथं, बरगडीखाली."

"मला का नाही सांगितलंस गं?"

"त्या पहिल्या दिवसानंतर तू विचारलं नाहीस."

सुमंगलाबाईंनी माळ्यावरून आपले निवृत्तीनंतर बांधून ठेवलेले रक्तदाबाचे जुने यंत्र काढले आणि लेकीच्या दंडाभोवती पट्टी आवळली. आकडा पाहून त्यांनी पट्टी सोडली, थोडे थांबून पुन्हा आवळली. एकशे शहात्तरावर एकशे चौदा. आकडा बदलला नाही. सूतिकागृहाला फोन करताना त्यांनी एकेक शब्द सुटा उच्चारला: प्रसूतीनंतरचा उच्च रक्तदाब, दृष्टीवर परिणाम, झटक्याचा संभव, इंजेक्शन तयार ठेवा. मग चाचीला हाक मारून बाळ तिच्या हाती दिले.

रुग्णवाहिका येईपर्यंत मृण्मयी डोळे मिटून पडली होती. तिला आता भीती वाटत होती. पण तिच्या बुद्धीला एक गोष्ट दिसली होती आणि ती बोलून टाकल्यावाचून तिला राहवेना. "आई, मी रोज हो म्हणत गेले," ती म्हणाली. "त्यानं माझं ऐकलं. मी त्याला तसंच शिकवलं होतं."

"आता बोलू नकोस."

"सगळ्याच जणी हो म्हणत असणार, आई."

सूतिकागृहाच्या पायऱ्यांशी तिला झटका आला. जबडा आवळला, शरीर ताठले. सुमंगलाबाईंनी तिला कुशीवर वळवले, मस्तक आपल्या तळहातावर पेलले आणि मोठ्याने श्वास मोजीत राहिल्या. डॉक्टर तयारीत होते. मॅग्नेशियमचे इंजेक्शन गेले, रक्तदाब उतरवणारे औषध सुरू झाले, आणि दिवस मावळण्यापूर्वी तिने डोळे उघडून बाळ कोणाकडे आहे हे विचारले. बानूचाचीने ते हृदयाशी धरले होते. घरी बारशाला येऊ घातलेल्या पाहुण्यांना तिनेच परस्पर कळवून टाकले होते की पाळणा पळून जात नाही.

मृण्मयीचा पती सारंग पुण्याहून पोहोचला. तिने त्याच्याकडून फोन मागून घेतला. डॉक्टरांनी मना केले. तेव्हा ती म्हणाली की न बोलता पडून राहिले तर दाब अधिक वाढेल, आणि हे अनुमान तिचे खरे असावे, कारण डॉक्टरांनी आढेवेढे घेऊन परवानगी दिली.

संस्थेचे संचालक देशमाने हे विचारी गृहस्थ होते. त्यांनी तिचे सर्व म्हणणे शांतपणे ऐकले आणि मग आपली अडचण मांडली. सर्व ताईतांवर एकदम धोक्याचा तांबडा दिवा लावला तर हजारो घरांत घबराट उडेल. उद्या बायका ते काढून फेकतील. मग ज्या बाईला ताप येतो आहे, जिचे रक्त जाते आहे, आणि जिला ताईत खरोखर वाचवू शकतो, तिचे काय? एका घटनेवरून इतके करू नये. आधी तपास होऊ द्यावा.

फोन ठेवून मृण्मयीने आईकडे पाहिले. "ते चुकीचं बोलत नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत," सुमंगलाबाई म्हणाल्या.

"तू काय केलं असतंस?"

कित्येक महिन्यांत लेकीने त्यांना असे काही विचारले नव्हते. "मी ओरडले नसते," त्या म्हणाल्या. "बाईला घाबरवलं की ती खरं आणखी आत दडवते. मी सगळ्यांना चहाला पाठवलं असतं आणि नीट विचारलं असतं."

मृण्मयीने पुन्हा फोन लावला. इशारा नको, असे ती म्हणाली. आज संध्याकाळी ताईताने नेहमीचा प्रश्न विचारू नये, एवढेच तिचे मागणे होते. त्याऐवजी त्याने आधी घरच्यांना थोडा वेळ बाहेर जाण्याची विनंती करावी. मग बाईला देहाच्या खुणा सोप्या शब्दांत सांगाव्या, काल नव्हते असे आज काय आहे ते विचारावे, आणि जवळच्या आरोग्यकेंद्रात पट्टीने दाब मोजून घ्यायला सांगावे. शब्द ती देईल. देशमाने यांनी उद्यापर्यंतचा अवधी मागितला. तेव्हा तिने नम्रपणे सांगितले की ताईताच्या निर्धोकपणाच्या दाखल्यावर पहिली स्वाक्षरी तिची आहे आणि ती आत्ता मागे घेत आहे. मग देशमाने म्हणाले, "शब्द पाठवा."

ते शब्द सुमंगलाबाईंनी सांगितले आणि सारंगने उतरून घेतले. एके ठिकाणी त्याने 'अतिरक्तस्राव' लिहिले, ते मायलेकींनी एकाच वेळी खोडायला सांगितले.

त्या संध्याकाळी राज्यभर हजारो घरांत एका लहानशा यंत्राने सासवांना, आयांना आणि नवऱ्यांना खोलीबाहेर जाण्याची विनंती केली. काही घरांत तो उर्मटपणा वाटला आणि ताईत उतरवला गेला. बहुतेक स्त्रियांनी काही नाही म्हणून सांगितले, आणि त्यांना खरोखरच काही नव्हते. परंतु काही जणी बोलल्या. कोणी डोळ्यांपुढच्या ठिपक्यांविषयी, कोणी पोटरीविषयी. आणि चिपळूणकडच्या एकीने सांगितले की तिला बाळाजवळ एकटीला ठेवू नका. आरोग्यकेंद्रांतून पट्ट्या आवळल्या गेल्या आणि जे दाब हिरव्या दिव्यामागे चढत गेले होते ते उघड झाले. एका घरी तो प्रश्न पोहोचला तेव्हा उशीर झाला होता. त्या घराचा पत्ता मृण्मयीने मागून घेतला. ती तेथे जाऊन आली, आणि तेथील लोकांनी तिला जे सुनावले ते तिने बसून ऐकले.

पुढे चौकशी झाली. मृण्मयीचे पद गेले, काम राहिले. नव्या ताईतातून तिने होकारावर रेषा हलविण्याची युक्ती काढून टाकली. त्याची अनुमाने आता पट्टीच्या मापनाशी ठराविक काळाने ताडून घ्यावी लागतात, आणि खोटे इशारे पूर्वीइतके नसले तरी पुन्हा होतात. लोक कुरकुर करतात. ती त्यांना सांगते की थोडी कुरकुर चालेल.

आणि सूतिकागृहाची ओसरी रिकामी करून निवृत्त सुमंगलाबाईंना वर्गासाठी परत बोलावण्यात आले. ताईत दिला जातो, पण वर्गानंतर. सुमंगलाबाईंनी वर्गाच्या रीतीत स्वतःहून एक बदल केला. चहाला गेलेल्या सासवांना आणि आयांना त्या आता नंतर परत बोलावतात आणि त्यांच्यासमोर त्याच खुणा पुन्हा सांगतात. डोके घट्ट बांधणारे हात प्रेमळ असतात, आणि म्हणूनच त्यांना शिकविले पाहिजे, असे त्या म्हणतात. हे सांगताना त्या स्वतःला वगळत नाहीत. मध्यंतरी हत्तरगीकडच्या एका तरुण आईला त्यांनी आपला प्रश्न विचारला तेव्हा ती म्हणाली, "काल आमच्या आत्याबाई माझ्याशी भांडल्या न्हवत्या, आज भांडल्या." ओसरी हसली. आत्याबाईंना, म्हणजे तिच्या सासूलाही, आत बोलावून घेतल्यावर हसावे लागले. मग हसणे ओसरल्यावर ती मुलगी हळूच म्हणाली की, आणखी एक सांगायचे आहे.

दुपारच्या उन्हात त्या स्त्रिया आपापल्या घरी निघतात. कोणी रिक्षातून, कोणी बसने, कोणी नवऱ्याच्या मागे बसून, पदराआड इवलासा जीव घेऊन. त्यांच्या देहांत जे घडत असेल ते त्यांना कळो. कळलेले बोलण्याइतके धैर्य त्यांना लाभो, आणि ते ऐकण्यासाठी कोणीतरी दार लोटून शेजारी बसो. जी आई गप्प राहिली आणि जी लेक गप्प राहिली, त्या दोघींच्या प्रेमाला वाणी मिळाली, तशी ती सर्वांच्या प्रेमाला मिळो. जी वाचली नाही तिला शांती लाभो, आणि तिच्या लेकराला सावली. सर्व सूतिका सुखरूप असोत.